जुन्या चासीवर नवी बॉडी

"पंधरा हजार या डब्यात घालण्यापेक्षा पोस्टात टाकू. वर्ष-दीड वर्षात पन्नास झाले की नवा कॉम्प्युटर घेऊ. तोवर सायलीनं कळ काढावी," दाजी म्हणाले.

२०२५ ची दिवाळी. मी पुण्याजवळ कासारवाडीला ताईकडे गेलो होतो. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपून आठवडा झाला होता. भाचीच्या टेबलावर उभा होता तो एका ऑफिसातून निघालेला, दाजींनी लिलावात घेतलेला कॉम्प्युटर. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५७० प्रोसेसर, म्हणजे २०१३ सालचा. ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर साडेअठरा इंची. सायली सतरा वर्षांची. तिला मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळायचं होतं आणि जीटीए ५ मधल्या शहरात गाडी पळवायची होती. गेम सुरू तर व्हायचे, पण खेळता यायचे नाहीत.

जुन्या-नव्याच्या बाबतीत आमच्या घरात दाजींचा शब्द खाली पडत नाही. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची हयात गेली. कुठली गाडी दुरुस्त करायची आणि कुठली मोडीत काढायची, हे ते इंजिनाचा आवाज ऐकून सांगत. मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानात आठवड्याला एक तरी बाप मुलाला घेऊन हाच प्रश्न विचारायला येतो, म्हणून आमचं ते भांडण लिहून काढावंसं वाटलं.

"तुमचा आक्षेप नेमका कशाला आहे दाजी? गेमला की खर्चाला?"

"गेमला कशाला असेल? माझ्या वयाची माणसं देवळाच्या पारावर पत्ते कुटतात, ते चालतं. पोरीनं घरात बसून खेळलं तर काय बिघडलं? माझा आक्षेप जागेला आहे. तूच मागं म्हणालास, या बोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाही."

"नाही बसत. याचा सॉकेट ११५०. त्यावर चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंतचेच प्रोसेसर. रॅमही डीडीआर३ लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती आत जाणारच नाही."

"म्हणजे स्पेअर बंद झालेली गाडी. अशा गाडीला नवे टायर घालायला मी कधी सही केली नाही."

"पण दापोडीत तुम्ही काय करत होतात? जुन्या एसटीची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवायची आणि त्याच चासीवर स्टीलची नवी बॉडी चढवायची. त्या गाड्या रस्त्यावर धावल्याच ना?"

"धावल्या. पण प्रत्येक चासी आधी तपासली. तडा गेलेली, वाकलेली बाजूला काढली. तू अजून हे झाकणसुद्धा उघडलं नाहीस आणि ग्राफिक्स कार्डाची किंमत सांगतोयस. गाडी ओढत नाही म्हणजे नेमकं काय होतंय, ते आधी सांग."

त्यांचं बरोबर होतं. या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. गेम अडखळला की लोक थेट कार्ड आणायला धावतात.

मी सायलीला जीटीए सुरू करायला सांगितलं आणि मागे टास्क मॅनेजर उघडून ठेवला. ती गाडी घेऊन हायवेला लागली. थोड्या अंतरावर समोरचा रस्ताच गायब झाला, गाडी हवेत थबकल्यासारखी झाली आणि मग एकदम इमारती उगवल्या. त्या क्षणी पडद्यावरचे आकडे होते : डिस्क १०० टक्के, मेमरी ९१, प्रोसेसर ५५.

दाजींनी चष्मा वर सरकवला. "इंजिन निम्मं रिकामं आहे की."

"हो. शहराचा पुढचा तुकडा डिस्कवरून यायला उशीर होतोय. आत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे मारते आणि तिच्यावर एक सुई पुढे-मागे फिरून माहिती शोधते. सलग मोठी फाइल असेल तर ती भराभर देते. गेममध्ये हजार ठिकाणचे हजार तुकडे लागतात, सुईचा सगळा वेळ धावण्यातच जातो."

"टाकीत डिझेल आहे, पण पंप ओढत नाही."

"अगदी तसंच. एसएसडीत फिरणारं काही नसतं. या बोर्डाच्या साटा जोडणीतून सेकंदाला साधारण ५५० एमबी मिळतात. सलग वाचनात ते चार-पाच पट झालं, आणि विखुरलेले तुकडे गोळा करण्यात फरक त्याहून कितीतरी मोठा."

दाजी लगेच वळले नाहीत. पण उठून आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश आणि कालचा पेपर घेऊन आले. झाकण उघडायला आता त्यांची हरकत नव्हती.

प्रोसेसरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा करडा थर बसला होता, नमद्यासारखा. बोटानं ओढला तर अखंड निघाला. पंखा उतरवल्यावर खालची पेस्ट दिसली. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे पोहोचवण्याचं काम तिचं. ती वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि नख लावताच भुगा पडला. दाजींनी तो भुगा चिमटीत घेऊन चोळला.

"रेडिएटर चोंदलाय," ते म्हणाले. "असल्या अवस्थेत गाडी घाटात गेली तर मी ड्रायव्हरला घरी पाठवला असता."

जुनी पेस्ट पुसून हरभऱ्याएवढी नवी लावली. सफाईच्या आधी गेममध्ये प्रोसेसरचं तापमान ९६ अंशांवर जात होतं, नंतर ६९ वर थांबलं. हे प्रोसेसर शंभराच्या जवळ गेले की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतात. म्हणजे इतके दिवस सायली त्या काठावर आलेल्या यंत्रावर खेळत होती. खर्च झाला पेस्टचा, अडीचशे रुपये. पंधरा हजारांच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकानं आधी हे अडीचशे खर्चावेत, असं माझं मनापासूनचं सांगणं आहे.

"आता एसएसडी, रॅम आणि कार्ड एकदमच आणून बसवतो," मी म्हणालो.

"एकदम नाही. एका वेळी दोन पार्ट बदलले की दोष कुठं होता ते कळत नाही. आणि दुसऱ्या पार्टची गरज होती का, तेही कळत नाही."

मग ठरलं की कार्ड पंधरा दिवसांनी. आधी ४८० जीबीची एसएसडी आली, २,६०० रुपयांना. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि सिनेमांसाठी आत तशीच ठेवली. रॅमची ८ जीबीची जुनी पट्टी ८०० रुपयांत मिळाली. रॅमचं कारण दाजींना नीट पटवावं लागलं, कारण त्यांच्या मते ८ जीबी भरपूर होती.

"नुसत्या साठ्याचा प्रश्न नाही दाजी. या बोर्डावर रॅमला दोन वाटा आहेत. एकच पट्टी लावली तर एकच वाट चालू. १६०० वेगाच्या डीडीआर३ ला एका वाटेनं सेकंदाला १२.८ जीबी नेता येतात, दोन वाटांनी २५.६. आणि वेगळं कार्ड नसेल तर चित्र काढणारा भागसुद्धा हीच रॅम वापरतो. त्याला त्या दुसऱ्या वाटेचा फार उपयोग."

एवढ्यावर व्हॅलोरंट सुरळीत चालू लागला. जीटीएमध्ये रस्ता गायब होणं थांबलं. पण चित्रं सेकंदाला पंचविसाच्या वर जाईनात. आता खरोखरच ग्राफिक्सची पाळी होती आणि खरं भांडणही इथेच झालं.

"पोरगी खेळतेय की," दाजी म्हणाले. "३,६५० रुपयांत काम झालं. उरलेले ११,३५० पोस्टात जाऊ देत."

"ती व्हॅलोरंट खेळतेय. जीटीए चालवून डोळे दुखतात तिचे. आणि दाजी, सतराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर खेळण्याची जी मजा आहे, ती दीड वर्षानं तशीच मिळेल असं नाही. तोवर सगळ्या वेगवेगळ्या गावी पांगतील. वाट बघण्यालाही किंमत पडते, ती हिशेबात धरा."

दाजी गप्प राहिले. आतून ताई म्हणाली, "हे खरंय." मग दाजींनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो जास्त पक्का होता.

"कार्डाला करंट किती लागतो? हा सप्लाय २९० वॅटचा आहे, मी लेबल वाचलंय."

सेकंडहँड बाजारात तेव्हा उरलेल्या पैशात ८ जीबीचं आरएक्स ५८० मिळत होतं आणि सगळी पोरं त्याच्यामागे लागली होती. जोरात ते भारी आहेच. पण त्याची भूक १८५ वॅटची, आणि त्याला सप्लायमधून आठ पिनांची वेगळी वायर लागते. आमच्या सप्लायला ती वायरच नव्हती. ऑफिसच्या अशा बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये मुख्य बोर्डाची जोडणीही नेहमीची २४ पिनांची नसून कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातला सप्लाय सरळ लागत नाही. काही जण डिस्कच्या वायरीला जोड लावून कार्डाला करंट देतात. अशा जोडाची वितळलेली टोकं मी दुकानात स्वतः कापून काढलेली आहेत. कुणी कितीही सांगो, हे करू नका.

"जीटीएक्स १६५० घेऊ," मी म्हणालो. "७५ वॅट. तेवढे बोर्डाच्या खाचेतूनच मिळतात, वेगळी वायर नको. पण घेताना वायर न लागणारंच बघून घ्यायचं, काही कंपन्यांनी याच नावाची वायरवाली कार्डंही काढलीत. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७५, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास. दोनशे दहापर्यंत जाईल."

"२९० ला २१०. चालेल," दाजी म्हणाले. बेरीज त्यांनी मनात माझ्याआधीच केली होती.

"१०५० टीआय अजून स्वस्त मिळतं. तेही ७५ वॅटचंच. पण ते २०१६ सालचं. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं या ऑक्टोबरपासून थांबवलंय, पुढे काही वर्षं फक्त सुरक्षेपुरते. १६५० हे २०१९ चं, त्याचे ड्रायव्हर चालू आहेत. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटवर चालतं, पण ते बोर्डाशी चारच लेननं बोलतं. आपल्या जुन्या पीसीआय एक्सप्रेसवर त्याच चार लेन निम्म्या वेगाच्या, तिथं ते मार खातं."

"आणि सेकंडहँड म्हणजे कुणी कसं वापरलंय कुणास ठाऊक."

ही भीती खोटी नाही. इथेरियमचं कार्डांवरचं खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्याहून वाईट म्हणजे बनावट कार्डं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या आत नाव बदलून लिहितात आणि कॉम्प्युटरला ते १०५० टीआय म्हणूनच दिसतं. आरएक्स ५८० च्या नावाखाली '२०४८एसपी' असं लिहिलेलं कार्डही मिळतं. खऱ्या ५८० मध्ये २,३०४ गणक असतात, यात २,०४८. म्हणजे ते मुळात ५७० आहे. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच लबाडी पकडतं. पेनड्राइव्हवर ते घेऊन जायचं आणि दुकानात कार्ड लावून पैसे देण्याआधी चालवायचं. जो दुकानदार कार्ड लावून दाखवायला नाही म्हणतो, त्याच्या दुकानातून उठायचं.

आम्ही दोघं मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावानं विचारलं तर माणूस क्षणभर विचारात पडतो. तिसऱ्या दुकानात वायर न लागणारं १६५० मिळालं. मी जीपीयू-झेड लावलं. दाजींनी त्यांची तपासणी केली. पंखा बोटानं फिरवून कान लावला, पात्यांच्या कडेला गंज आहे का ते पाहिलं, स्क्रूच्या डोक्यांवर खरचटल्याच्या खुणा शोधल्या. अर्धा तास कार्डावर पूर्ण भार टाकून आम्ही उभे राहिलो. ६,८०० ला सौदा ठरला.

त्याच दुकानात माझा मोह झाला. काचेखाली आय७-४७७० होता. याच बोर्डावर बसणारा, चार कोरांचाच, पण एका वेळी आठ कामं हाताळणारा. आमचा आय५ चारच हाताळतो. दुकानदार साडेतीन हजार म्हणाला.

"फरक पडेल?" दाजींनी विचारलं.

"पडेल. नव्या गेममध्ये तर चांगलाच. चार कामांचा प्रोसेसर आता गेमना अपुरा पडतोय."

"पुढच्या कॉम्प्युटरमध्ये हा जाईल?"

"नाही."

"कार्ड?"

"जाईल."

"एसएसडी?"

"जाईल."

"मग याला हात लावू नकोस."

मी तिथंच वाद सोडला. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला 'कशानं किती वेग वाढेल' हे सांगत आलो. 'नव्या घरी काय बरोबर नेता येईल' हा प्रश्न मी इतका सरळ कधी विचारला नव्हता. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच विचारतो. उद्या चांगला सप्लाय घेतला, मॉनिटर घेतला, तर तो पुढे जातो. मेलेल्या सॉकेटचा प्रोसेसर तिथंच राहतो. रॅमचे ८०० रुपये याला अपवाद, आणि तो मी जाणूनबुजून केला, कारण फरक मोठा आणि रक्कम लहान होती.

घरी येऊन कार्ड बसवलं तर मॉनिटरची वायरच लागेना. जुन्या मॉनिटरला व्हीजीए, आणि १६५० मधून व्हीजीए निघत नाही. हे मला माहीत असूनही मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ३५० रुपयांचा कन्व्हर्टर आणला.

तो लहान मॉनिटर मात्र या कामात आमच्या बाजूनं उभा राहिला. त्याचं चित्र १३६६ बाय ७६८ चं, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. १९२० बाय १०८० ला वीस लाख ७३ हजार. कार्डाला निम्मीच रांगोळी काढायची असते. जीटीए मध्यम-उच्च सेटिंगवर सेकंदाला साठ चित्रांवर गेला. शहराच्या गर्दीच्या चौकात आला की चाळिसावर यायचा. दाजी मागे उभे राहून बघत होते.

"इथं मिस मारतेय," ते म्हणाले.

"तो प्रोसेसर. चारही कोर शंभर टक्के झालेत. साठ चित्रांसाठी प्रत्येक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंदांत तयार व्हायला लागतं, इथं त्याला पंचवीस लागतात. साठावर चढून पडण्यापेक्षा चाळिसावर बांधून टाकू, सलग वाटेल."

या मशीनवर काय होणार नाही, तेही सायलीला समोर बसवून सांगितलं. २०२४ चा इंडियाना जोन्स किंवा २०२५ चा डूम यांना रे ट्रेसिंगवालं कार्ड सक्तीचं आहे. १६५० वर ते सुरूच होणार नाहीत.

विंडोज १० चा पाठिंबा संपल्याचा मुद्दा दाजींनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि तो मी त्यांना देऊन टाकला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. आडवाटेनं बसवता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. लिनक्सवर स्टीमचे बरेच गेम आता छान चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही. म्हणून विंडोज १० ठेवलं आणि वाढीव सुरक्षेची नोंदणी केली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करायचं नाही, हा दाजींचा नियम मला पूर्ण मान्य आहे.

त्या रात्री सायलीनं 'राजी' लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, २०२० चा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वाड्यांच्या गच्च्यांवरून ती मुलगी उड्या मारत होती आणि चित्र कुठे अडखळत नव्हतं. दाजी जेवायचं ताट घेऊन तिच्या मागे येऊन बसले. "हे आपल्या पुण्यात केलंय?" त्यांनी दोनदा विचारलं.

डिसेंबरात सायलीनं नव्या कॉम्प्युटरचा हिशेब काढला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे नव्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले होते. दाजींनी धरलेले पन्नास हजार आता पुरणार नव्हते. त्यांनी कागद पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, कार्ड घेतलं."

एकूण खर्च १०,८०० झाला. उरलेले ४,२०० सायलीच्या नावानं पोस्टाच्या बचत खात्यात आहेत आणि दाजी त्यात दर महिन्याला भर घालतात.